जारच्या धंद्यासाठी जुना छोटा हत्ती घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या नऱ्ह्यात वडिलांचा थंड पाण्याच्या जारचा धंदा आहे. धायरी, आंबेगाव, सिंहगड रोड इथल्या सोसायट्या आणि ऑफिसं मिळून रोज ११० च्या आसपास जार जातात. इतके दिवस भाड्याचा टेम्पो होता, आता स्वतःचा घ्यायचाय. दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही छोटा हत्ती. एक २०१४ ची डिझेल १ लाख ६० हजारांना आणि दुसरी २०२१ ची सीएनजी साडेतीन लाखांना. कुठली घेऊ, यांत नेहमी काय बिघडतं आणि महिन्याला खर्च किती धरू? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की एका खेपेला ५५ जार भरतो.

मी भोसरीत छोट्या मालवाहू गाड्यांचीच कामं करतो, स्वतःच्या पिकअपही भाड्याने पळतात. त्यामुळे मला डिझेल-सीएनजीपेक्षा ते ५५ जार जास्त महत्त्वाचे वाटतात. आधी तेवढं वजन करून घेऊ.

वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. थंड पाण्याचा जाड भिंतीचा रिकामा जारच तीन-एक किलोचा असतो, म्हणजे भरलेला २३ किलो. ५५ जार झाले १,२६५ किलो. ड्रायव्हर आणि जार उचलणारा पोरगा मिळून १३० किलो धरा, एकूण १,३९५. जुन्या छोट्या हत्तीची क्षमता साधारण ७५० किलो आहे आणि त्यात माणसंही आली. आरसीवर दोन वजनं छापलेली असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. त्यांची वजाबाकी करा, त्यातून माणसांचं वजन काढा, उरेल तेवढाच तुमचा माल. तुमच्या बाबतीत ते २६ जार भरतात, तुम्ही भरताय ५५. सीएनजीच्या गाडीत सिलिंडरचं वजन आधीच खर्ची पडलेलं असतं, त्यामुळे तिथे आकडा बहुतेक आणखी खाली येईल.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं, 'अहो, सगळेच भरतात, गाडी ओढते की.' ओढते, खोटं नाही. पण ओढणं हे इंजिनचं आणि गिअरचं काम, थांबवणं ब्रेकचं आणि तोलणं पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं. पहिल्या गिअरमध्ये काहीही ओढलं जातं. नवले पुलाच्या उतारावर मात्र दीड टन मागून ढकलत असतं आणि पुढे बारा इंची चाकांचे ब्रेक असतात. शिवाय २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. रोज कोणी पकडत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण तशा अवस्थेत अपघात झाला तर विम्याच्या दाव्यावर पहिला वाद त्याच मुद्द्यावर निघतो.

आता डिझेलचा हिशेब. तुमची एक खेप २२ किलोमीटरची आणि महिन्याचे २६ दिवस धरतो. डिझेल सोयीसाठी ९० रुपये लिटर. छोटा हत्ती ५५ जार भरून दोन खेपा मारतो तेव्हा महिन्याला १,१४४ किलोमीटर होतात. थांबत-थांबत जाणारी जादा भरलेली गाडी बाराच्या वर ॲव्हरेज देणार नाही, म्हणजे ९५ लिटर, साधारण ८,६०० रुपये. तोच छोटा हत्ती नियमात २६ जार भरून चालवला तर दिवसाला चार खेपा होतात आणि वर पाच-सहा जार उरतात. ॲव्हरेज पंधरा मिळालं तरी २,२८८ किलोमीटरला १३,७०० रुपये जातात, वेळ दुप्पट जातो तो वेगळाच. आता दीड टन वर्गातली पिकअप घ्या. दोन खेपा, ॲव्हरेज अकरा, १०४ लिटर, ९,४०० रुपये.

म्हणजे छोट्या गाडीवर दुप्पट माल लादून तुम्ही महिन्याला वाचवताय आठशे रुपयांच्या आत. त्या आठशे रुपयांच्या बदल्यात क्लच, पाटे, टायर आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) पणाला लागतात. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांचा रोग हाच असतो. मालक कंपनीला शिव्या घालत येतो, आणि पाट्यांचा सेट बघितला की मूळ सेटच्या वर दोन जादा पाटे चढवलेले दिसतात.

तरीही सरसकट 'पिकअपच घ्या' असं मी सांगणार नाही, कारण काही गोष्टी तुमच्या रूटवर अवलंबून आहेत. छोट्या हत्तीची लांबी ३.८ मीटर, वळायला ४.३ मीटर त्रिज्या पुरते. धायरीच्या गावठाणातल्या गल्ल्या आणि काही सोसायट्यांची बेसमेंट पार्किंग अशी आहेत की पिकअप आत गेली तर रिव्हर्सनेच बाहेर काढावी लागते. तुमचे निम्मे जार तसल्या ठिकाणी जात असतील तर छोटी गाडी आणि चार खेपा, हेच बरं. धंदा वाढणार नसेल, ११० वरून ७०-८० वर येण्याची शक्यता असेल, तरी छोटीच. पण जार मोठ्या सोसायट्यांत आणि ऑफिसांत एका दमात वीस-वीस उतरत असतील तर पिकअप. वडिलांना विचारून गिऱ्हाइकांची एक यादी काढा आणि कुठे किती उतरतात ते लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

साडेतीन लाखांत २०१३ ते १५ च्या आसपासची बोलेरो पिकअप किंवा लेलँडची दोस्त बघायला मिळते. दोस्त २०११ ला आली, दीड लिटरचं तीन सिलिंडर इंजिन आहे. टाटाची इंट्रा व्ही-३० म्हणजे १,३०० किलो आणि व्ही-५० म्हणजे १,५०० किलो, पण त्या अजून नव्या आहेत, तुमच्या बजेटच्या बाहेर जातील. पिकअपमध्ये इतके प्रकार आहेत की नुसत्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या दोन गाड्यांच्या क्षमतेत दोनशे-तीनशे किलोचा फरक निघतो. आरसीची वजाबाकी तिथेही करायचीच. १,३०० किलोवाली मिळाली तर ५० जारांवर थांबायचं.

आता तुम्ही बघितलेल्या गाड्यांकडे येतो. त्यांपैकी एक घेतलीत तरी हे उपयोगी पडेल आणि पिकअप तपासतानाही यातलं बरंचसं लागू होतं.

२०१४ ची डिझेल. हे ७०२ सीसीचं दोन सिलिंडर इंजिन. टाटांनी इंडिकाचं १,४०५ सीसीचं चार सिलिंडर इंजिन अर्ध्यात आणून ते २००५ साली एस गाडीत, म्हणजेच छोट्या हत्तीत, बसवलं. साधं, कॉम्प्युटर नसलेलं, कुठल्याही नाक्यावरच्या मेस्त्रीला येणारं. टर्बो नाही, कॉमन रेल नाही. म्हणूनच जुन्या गाड्यांत मला हे अजून आवडतं. त्याला मारणारी गोष्ट मुख्यतः एकच, उष्णता. इंजिन सीटखाली बंदिस्त, वर दुप्पट माल, पहिला-दुसरा गिअर, फॅन बेल्ट ढिला आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी. पुण्याच्या बोअरच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार धरतात, पाणी फिरत नाही, मग कात्रजच्या चढावर एकदा काटा वर जातो आणि हेड गॅस्केट उडतं. चालकाने तेव्हा गाडी थांबवली तर काम थोडक्यात निभावतं. 'दोनच किलोमीटर राहिलेत' म्हणत तशीच दामटली तर हेड वाकतं, कधी तडकतं.

हे विकणारा सांगणार नाही, तुम्हालाच शोधायचंय. गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी फोनवर सांगा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्यावर आधी सीट उचलून इंजिनवर हात ठेवा. कोमट लागलं तर त्याने आधीच फिरवून आणलीय, यामागे काहीतरी कारण असतं. गार असेल तर रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा गंजाचा लाल गाळ नको. ऑइलची काडी काढा. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच सोडून चहा प्यायला जा. मग स्टार्ट करायला सांगा. थंडीत हीटर प्लग तापायला वेळ घेतात, ते चालेल, पण जून महिन्यात तीन-चार वेळा सेल्फ मारावा लागत असेल तर प्लग, नोझल किंवा कॉम्प्रेशन यांपैकी एक तरी गेलेलं आहे. गाडी चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडी वाफ येणारच. झाकण उडतंय आणि धूर फुसफुसतोय म्हणजे इंजिन ब्लो मारतंय, बोअर-पिस्टनचं काम आलंय. हे काम चाळीस ते साठ हजारांत जातं, म्हणजे गाडी १ लाख ६० ची राहत नाही.

धुराच्या रंगावर लोक फार बोलतात. काळा धूर पंप-नोझलच्या सेटिंगचा किंवा चोंदलेल्या एअर फिल्टरचाही असू शकतो, त्याची मला एवढी भीती नाही. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असलं तर हेडवर संशय घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरून चाला आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी मात्र पुढची आहे आणि ती कोणी करत नाही. रिकामी गाडी चौकाला वळसा घालून आणून काहीच कळत नाही. तुमच्याकडे जार आहेतच. पंचवीस भरलेले जार चढवा, विकणाऱ्याला शेजारी बसवा आणि कात्रजच्या जुन्या घाटाने वर जाऊन परत या. चढावर तापमानाचा काटा बघा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपलीय. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. गिअर उडून न्यूट्रल होत असेल तर गिअरबॉक्स खोलावा लागेल. वेग सोडताना आणि परत देताना खालून 'टण्' असा आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस गेलाय, ते स्वस्तातलं काम आहे. मागून सतत गुणगुण येत असेल तर क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधले गिअर) गेलेत, ते स्वस्तातलं नाही. विकणारा घाटाला नाही म्हणाला तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

खाली वाकून बघायचं राहिलंच. तुमच्या धंद्यात हे सगळ्यांत जास्त लागतं. जारची गाडी कायम ओली असते. तोट्या गळतात, झाकणं सांडतात, पाणी हौद्याच्या फटींतून चेसिसवर झिरपतं. मागच्या मालकानेही पाणी, मासे, बर्फ किंवा मीठ वाहिलं असेल तर हौद्याचा पत्रा वरून नवा रंग मारून चकचकीत दिसेल, खालून चाळण झालेली असेल. मार्केट यार्डात भाजी वाहणाऱ्या गाड्यांचंही तेच होतं, सडक्या पाल्याचं पाणी पत्र्याला फार वाईट. बॅटरी लावून हौद्याखालची आडवी मेंबरं बघा, मागच्या पाट्यांची चेसिसवरची ब्रॅकेट बघा. तिथे वेल्डिंगचे टाके, तडे, वरून ठोकलेल्या पट्ट्या दिसल्या तर गाडीने क्षमतेबाहेर माल वाहिलाय, मीटर काहीही सांगो. मीटर तसाही मागे फिरवता येतो. क्लचच्या पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झिलई तेवढ्या सहज फिरवता येत नाही. चेसिस नंबर नीट वाचता येतो का तेही बघा. गंजाने तो खाल्ला असेल तर पासिंगला रडाल.

घेतल्यावर हौद्यात रबरी मॅट टाका, पण खाली पाणी साचू देऊ नका. मॅट आठवड्यातून एकदा काढून वाळवायची. नाहीतर मॅटमुळेच पत्रा लवकर कुजतो. पावसाळ्याआधी खालून एकदा गंजरोधक कोटिंग मारून घ्या.

दुसरी गोष्ट तुमच्या थांबत-चालत रूटची. दर दोनशे मीटरला थांबा, गाडी बंद, परत सेल्फ. हायवेवर धावणाऱ्या गाडीपेक्षा तुमच्याकडे क्लच, सेल्फ, बॅटरी आणि ब्रेक लायनर कितीतरी लवकर जातील. किलोमीटर कमी आणि झीज जास्त, हे जार, गॅस सिलिंडर आणि दूध वाहणाऱ्या सगळ्याच गाड्यांचं असतं. क्लच दाबून धरून चढावर गाडी उभी ठेवायची सवय ड्रायव्हरला असेल तर ती मोडा, हँडब्रेक त्यासाठीच आहे. सर्व्हिसही किलोमीटरवर न ठेवता महिन्यांवर ठेवा. दिवसाला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पळणाऱ्या अशा गाडीचं ऑइल मी पाच-सहा महिन्यांनी बदलायला सांगतो, मीटरवर किती का पडलेले असेनात.

सीएनजीच्या २०२१ च्या गाडीबद्दल. हे ६९४ सीसीचं, तेही दोन सिलिंडर. आवाज कमी, धूर नाही, चालवायला मऊ. गॅस स्वस्त पडतो हे खरं, पण तुमचं रोजचं पळणं ४०-४५ किलोमीटर असेल तर डिझेलच्या तुलनेत वाचणारी रक्कम साडेतीन लाख आणि १ लाख ६० यांतलं अंतर भरून काढायला बरीच वर्षं घेईल. शिवाय पंपावरची रांग. सकाळी सातला जार द्यायचे असतील तर रात्रीच गॅस भरून ठेवावा लागेल. वाहनातल्या सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, लागते. २०२१ च्या गाडीची एक तरी झालेली असायला हवी, तिचं प्रमाणपत्र मागा आणि सिलिंडरवरच्या प्लेटवरचा नंबर त्याच्याशी जुळवा. प्लग, इग्निशन कॉइल आणि एअर फिल्टर यांकडे गॅसच्या गाडीत जास्त लक्ष द्यावं लागतं. गाडी मिसफायर होत असताना तशीच पळवली की व्हॉल्व्हची सीट आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही खराब होतात. चढावर भरलेल्या गाडीचा दम डिझेलपेक्षा लवकर संपतो. धायरीकडच्या चढांवर तुम्हाला ते जाणवेल.

बीएस-६ डिझेल कोणी सुचवलं तर एवढंच सांगतो की तुमच्या रूटवर नको. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धूर साफ करणारी यंत्रणा असते, ती मॉडेलप्रमाणे वेगळी असते. ज्यांत धुराचा फिल्टर आहे त्या गाड्यांना मधूनमधून लांब, एका वेगाने पळावं लागतं, म्हणजे साचलेली काजळी जळते. दोनशे मीटर चालून थांबणाऱ्या गाडीत ती जळत नाही, दिवा लागतो आणि स्कॅनर असलेल्या ठिकाणीच जावं लागतं.

मग महिन्याला किती धरायचं? हे भाव माझ्या भागातले आहेत, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. छोट्या गाडीच्या क्लचचं काम मजुरीसह पाच-सात हजार, पिकअपचं नऊ ते बारा. छोट्या गाडीचा टायर चार हजारांच्या आसपास, पिकअपचा सात-आठ हजार. नियमात भरलेल्या जुन्या छोट्या डिझेलला मी मालकांना महिन्याला तीन ते साडेतीन हजार बाजूला ठेवायला सांगतो, जुन्या पिकअपला पाच हजार. यात टायर, बॅटरी आणि पासिंगच्या वेळची कामं येतात, इंजिन येत नाही. ५५ जार भरणाऱ्या छोट्या गाडीला किती ठेवायचे याचा आकडा मी देत नाही, कारण तिथे खर्च महिन्याचा नसतो. चार महिने काहीच नाही आणि मग एकदम तीस हजार. त्यात गाडी आठ दिवस उभी, भाड्याचा टेम्पो वेगळा आणि उन्हाळ्यात एक दिवस जार चुकला की सोसायटी दुसरा माणूस शोधते.

विम्याचा अंदाज बऱ्याच जणांचा चुकतो, कारण ते कारच्या विम्यावरून धरतात. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १६,०४९ रुपये आहे, वर जीएसटी. छोटी आणि पिकअप दोघींना हाच दर. गाडीच्या नुकसानीचाही घेतलात तर वर्षाला वीस-पंचवीस हजार धरा.

कागदांचं म्हणाल तर मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस लागतो, त्यानंतर दर वर्षी. म्हणजे २०१४ वालीला दरवर्षी फिटनेससाठी सासवडजवळ दिवे इथल्या आरटीओच्या ट्रॅकवर न्यायची, रिफ्लेक्टर पट्ट्या, लाइट, ब्रेक सगळं ठीक करून. तो दिवस आणि त्याआधीची डागडुजी खर्चात धरा. आठ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण करही आहे. काही जण तुम्हाला घाबरवतील की दहा वर्षांची डिझेल बंद होणार. तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासचा, पुण्यात गाडी फिटनेसवर चालते. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलीय का ते बघा. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, छोटा हत्ती त्यात बसतो. पिकअपचे काही प्रकार त्याच्या वर जातात, त्यांना लागतं. लायसन्सची काळजी करू नका. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केलंय.

ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल, समजा एमएच-१४ ची, तर तिथली एनओसीही. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून फिटनेस, विमा, टॅक्स आणि ई-चलन आधीच बघा. टेम्पोंवर न भरलेल्या चलनांचा ढीग निघतो, ते विकणाऱ्याच्या पैशांतून भरून घ्या. ट्रान्सफर झाल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं, ते एजंटवर सोडू नका. सगळे पैसे एकदम देऊ नका, आरसी तुमच्या नावावर दिसेपर्यंत काही रक्कम हातात ठेवा. नाही म्हणणारा विकणारा मला तरी चालत नाही.

एवढं सगळं बघून मी तुमच्या जागी असतो तर सीएनजीवाली आधी बाजूला ठेवली असती. तिचे साडेतीन लाख जुन्या पण सुस्थितीतल्या पिकअपला घातले असते, त्यातले चाळीस-एक हजार पहिल्या महिन्याच्या कामांना राखून. गल्ल्यांमुळे पिकअप शक्यच नसेल तर २०१४ वाली, पण घाट चढून दाखवल्यावर आणि १ लाख ३५-४० हजारांत. बेल्ट आणि विमा धरून त्या वयाच्या गाडीला मी तेवढेच देईन. आणि मग २६ जारांच्या वर भरायचे नाहीत. ड्रायव्हर भरेल, कारण त्याला चौथी खेप नको असते. म्हणून जार चढवताना घरचं कोणीतरी हजर असू द्या.

पहिल्या महिन्यात इंजिन, गिअर आणि डिफरन्शियल तिघांचं ऑइल, सगळे फिल्टर, बेल्ट, होज पाइप, बाटलीबंद कूलंट, ब्रेक लायनर आणि पुढच्या चाकांचं बेअरिंग-ग्रीस हे विकणारा काय सांगतो ते न ऐकता करून घ्या. स्टिअरिंगला खेळ असेल किंवा पुढचे टायर एका कडेने खाल्लेले असतील तर किंगपिन-बुशही त्याच वेळी. पिकअपची कुठली गाडी सापडली तर आरसीवरची दोन्ही वजनं, वर्ष आणि खालून काढलेले मागच्या पाट्यांचे फोटो पाठवा. विकणाऱ्याच्या जाहिरातीतले फोटो नकोत, ते सगळे धुतलेल्या गाडीचे असतात.